रविवारचा शब्द

शिंप्यानं चिठ्ठी मास्तरांसमोर ठेवली. "मास्तर, एवढा एक शब्द सांगा."

मास्तर चष्मा पुसत हसले. शाळेत इंग्रजीत तीनदा गचकलेला हा विद्यार्थी चाळिशी उलटल्यावर शब्दांच्या मागे लागला होता. दर रविवारी दुकान बंद करून एखादा शब्द घेऊन यायचा. कधी कापडाच्या गठ्ठ्यावरचा, कधी मशीनच्या पुस्तकातला. निवृत्तीनंतर मास्तरांनाही तेवढाच वर्ग उरला होता.

लेकीनं पाणी आणि शक्तीची गोळी आणून ठेवली. मास्तरांनी गोळी गिळली. लेक लगेच आत गेली.

"पॅलिएटिव्ह," मास्तरांनी वाचलं. "वा! हा तर तुझ्याच धंद्यातला निघाला. मूळ लॅटिन. पॅलियम म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. त्यावरून झाकणं, पांघरणं."

"आणि आता?"

"आता दवाखान्यात वापरतात. रोग हटण्यातला नसला की निदान दुखणं तरी झाकायचं. बाहेर थंडी तशीच, पण माणसाला ऊब." बोलता बोलता ते थांबले. "कुठे वाचलास हा?"

"एका रिपोर्टवर."

मास्तरांनी चष्मा काढला. "घरचं कुणी?"

"घरच्यासारखंच."

"पेशंटला माहीत आहे?"

"नाही. डॉक्टर म्हणतात, सांगा. पण घरच्यांची जीभ रेटत नाही. म्हटलं, मास्तर काय म्हणतात बघू."

"शुद्ध वेडेपणा!" मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "तो काय कुक्कुलं बाळ आहे? त्याला कुणाला भेटायचं असेल, कुणाशी भांडण मिटवायचं असेल. उरलेले दिवस त्याचे आहेत. ते तुम्ही चोरताय."

"ऐकून खचला तर?"

"खचेल. दोन दिवस जेवणार नाही. मग उठून बसेल. माणूस इतका कच्चा नसतो रे. आडवळणं घेऊ नकोस. समोर बस, हात धर आणि सरळ सांग."

"मला जमेल?"

"तीनदा आपटून चौथ्यांदा पेपरला बसलास तू. न जमायला काय झालं?"

आत मोरीतला नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला.

शिंप्यानं खुर्ची पुढे ओढली आणि मास्तरांचा हात हातात घेतला.

"मास्तर, रिपोर्ट तुमचा आहे."