कूस बदलण्याआधी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही खाटेवर पडला आहात. उजवा हात उचलत नाही, उजवा पाय उचलत नाही. बोलायला जावं तर जीभ वळत नाही. पाठीला खाज सुटली, तर ती कुणाला आणि कशी सांगायची? थोडा वेळ तसेच पडून राहा. जमतंय?

हर्षाला जमत होतं. ती दहा वर्षांची होती आणि गेला दीड महिना शाळेतून आली की रोज तासभर आजारी पडत होती. तिची आई विमला मुळगावात घरच्या दोन खोल्यांत एक संस्था काढणार होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची त्यांच्याच घरी जाऊन काळजी घेणाऱ्या बायका पुरवायची संस्था. त्याला परवाना लागतो. बायकांना काम शिकवायला कुणीतरी आजारी माणूसही लागतो. ते काम हर्षा करायची.

आज परवाना देणाऱ्या खात्याच्या तपासनीस बाई आल्या होत्या.

"कदेलीर बसा, बाई," म्हणत विमलाने खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. चहाही नको म्हणाल्या. मागच्या खेपेस आग विझवायचं नळकांडं नव्हतं म्हणून फाइल परत आली होती. या खेपेस ते दारापाशी लाल चकचकीत उभं होतं. बाईंनी त्यावरची तारीख वाचली, हातमोज्यांचं खोकं उघडून पाहिलं, औषधांची वही चाळली. सगळं जागच्या जागी होतं. हातातल्या कागदांतलं आता एकच पान उरलं होतं.

"कूस बदलून दाखवा," बाई म्हणाल्या.

दिपाली पुढे झाली. ती सावंतवाडीकडची. नवऱ्याचा खाणीवरचा ट्रक दोन पावसाळे जागेवरच उभा होता. परवाना आला की ती पेडण्याला एका आजोबांच्या घरी कामाला लागणार होती. ते आजोबा वाट बघत होते आणि दिपालीही. आज फाइल परत गेली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिने खाटेवर डोळे मिटून पडलेल्या हर्षाचा गुडघा दुमडला. एक हात खांद्याला, एक कमरेला. अलगद आपल्याकडे वळवलं, पाठीशी उशी लावली. चादरीला सुरकुती पडली नाही. बाई त्या वेळी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचत होत्या. त्या वळल्या तेव्हा हर्षा कुशीवर होती.

विमलाने मात्र सगळं पाहिलं होतं. तिने शिकवलेली पहिलीच गोष्ट दिपाली विसरली होती. आधी माणसाला सांगायचं, मग हात लावायचा. तो बोलत नसला तरी सांगायचं.

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "हात लावण्याआधी पेशंटला सांगितलंत?"

"होय तर. सांगलंय मां," दिपाली म्हणाली.

"मला ऐकू आलं नाही."

"कानात सांगलंय."

बाईंनी विमलाकडे पाहिलं. विमला खाटेच्या पायाकडे बघत राहिली.

"मग पेशंटलाच विचारू. काय गो, हिने तुला सांगितलं?"

हर्षा हलली नाही.

"तिका बोलूंक येना, बाई," विमला घाईने म्हणाली. "लकवो मारला तिका."

बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "बरं. लकवा उतरला, मी सांगते. आता बोल."

हर्षाने डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही. मग दिपालीकडे पाहिलं. दिपाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सांगूंक ना," हर्षा नकाराची मान हलवत म्हणाली.

दिपाली हळूच पुटपुटली, "चेडवा, तुझो लकवोच बरो हुतो गो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर त्या प्रश्नापुढे दोन चौकोन होते, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा.

"विसरलात ते एक," त्या म्हणाल्या, "पण वर खोटं सांगितलंत."

"भियालंय, बाई," दिपाली म्हणाली.

हर्षा उठून बसली. "दिपालीमावशी रोज सांगता," ती म्हणाली. "कानाकडे येवन सांगता, 'बाय, आता तुका कुशीर करतंय हां, भिऊ नको.' एक दीस म्हाका खरीच न्हीद लागली, तरी सांगलें. आवयक विचारा."

"सांगता ती," विमला म्हणाली. "पण आज सांगूंक ना. हांवें म्हज्या दोळ्यांनी पळयलें." आता तिने मान वर केली होती.

बाईंनी मायलेकींकडे आळीपाळीने पाहिलं. पेन 'नाही'च्या चौकोनावर टेकलं होतं.

"असेल, बाळ. पण रोजचं मला कसं कळणार? मी तर आजच आले. आणि आता पुन्हा करून दाखवायला लावलं, तर ती सांगेलच. तुला सांगितलं काय, न सांगितलं काय, तुला ठाऊकच आहे ती काय करणार ते."

हर्षाने यावर थोडा विचार केला. मग ती खाटेवरून खाली उतरली. चादर चारही बाजूंनी ओढून नीट केली, उशी झाडून डोक्याकडे ठेवली आणि खाटेपासून दोन पावलं मागे सरून बाईंना म्हणाली, "मगे तुमी निजा."