पारोशी गाडी

बर्फात गाडी चालवायला देवाचा आशीर्वाद आणि चालकाचा अनुभव दोन्ही लागतात, असं मुकुंदराव खांबेट्यांचं ठाम मत होतं. त्यांचा अनुभव वरंधा घाटाचा होता. बर्फ त्यांनी उसाच्या रसातच पाहिला होता.

मिनेसोटात लेकीकडे आल्यापासून त्यांच्या जिवाला एकच घोर होता. आज सोमवारी ऋजुता पहिल्यांदाच बर्फातून एकटी गाडी घेऊन ऑफिसला जाणार होती. नव्या गाडीची पूजा झाली नव्हती, आणि पारोशा गाडीची पूजा करायची कशी? म्हणून सकाळीच उठून त्यांनी गाडीवर कोमट पाण्याच्या बादल्या ओतल्या, पुढ्यात सडा घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

ऋजुता बाहेर आली तेव्हा गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी चमकत होती. बापलेकींनी मिळून ओढलं तरी दार उघडेना.

"बाबा, बाहेर उणे वीस आहे!"

"अगं, म्हणून तर कोमट घेतलं."

सड्यावरून घसरत, सावरत ती बस गाठायला पळाली. तासाभराने "पोचले" असा मेसेज आला, तेव्हा मुकुंदरावांनी पुण्याला बायकोला फोन लावला. "पूजा फळाला आली बघ. पोर सुखरूप पोचली."

गाडीचं दार शनिवारी उघडलं.