चार हात जाडीच्या भिंती

"चमचा खाली ठेवू नकोस. खात राहा आणि हसत राहा," अमेय मराठीत म्हणाला आणि समोर बसलेल्या हालिनाबाईंकडे बघून स्वतःच तोंडभर हसला.

नीलांबरीनं चमचा उचलला. बिटाचं सूप लालभडक होतं. ती ते नुसतंच ढवळत राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी, तिन्हीसांजेला, स्टेशनवरून घरी येताना अमेयच्या गाडीला काहीतरी धडकलं होतं. फोनमधून मान वर करेपर्यंत ते मागे पडलंही होतं. हरीण असेल, असं म्हणून तो थांबला नाही. अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसर गावात हरणं मांजरांसारखी आडवी जातात. सकाळी कळलं, ते हरीण नव्हतं. शेजारच्या हालिनाबाईंचा धाकटा भाऊ स्टेफान होता, रोजच्यासारखा फिरायला निघालेला. मागून आलेल्या कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली, पण उशीर झाला होता. दहा मिनिटं आधी आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

पोलीस अजून ती गाडी शोधत होते. अमेयनं लांबच्या एका गॅरेजमध्ये हरणाचीच गोष्ट सांगून हेडलाइट बदलून घेतला होता. नीलांबरी रोज म्हणायची, जाऊन सांग. तो रोज विचारायचा, म्हणजे तुरुंगात जाऊ?

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं डबा द्यायचा, हे नीलांबरीच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं तेरा दिवस डबा पोचवला. पाप असं थोडंच फिटतं! पण हात तरी कामात राहायचे. हालिनाबाई डबा घासून परत द्यायच्या आणि आत चमचाभर साखर घातलेली असायची. रिकामं भांडं परत करू नये हे पोलंडमध्येही असतं वाटतं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. आणि आज, रविवारी, त्यांनी दोघांना जेवायलाच बोलावलं होतं.

"तो किल्ला," हालिनाबाईंनी भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या फोटोकडे बोट दाखवलं. नव्वदीला टेकलेल्या, पण इंग्रजी अजून पोलिश वळणाचं. "माझे आजोबा त्याच्या किल्ल्या सांभाळायचे. मी त्याचा इतिहास लिहितेय. एकच प्रकरण राहिलंय."

"तुम्ही तिथेच वाढलात?" अमेयनं विचारलं.

"छे. युद्धात आम्हाला घराबाहेर काढलं. सैबेरिया, इराण, मग एका गरम देशातला कॅम्प." किल्ल्याच्या फोटोखाली दुसरा छोटा फोटो होता. चटयांच्या भिंतींच्या बैठ्या खोल्यांपुढे फ्रॉक घातलेल्या मुली ओळीनं उभ्या होत्या. "किल्ला मी परत पाहिलाच नाही. त्याच्या गोष्टी तेवढ्या सोबत आल्या. सांगू एक?"

"विचारतेय कशाला, सांगणारच आहे," अमेय मराठीत पुटपुटला. अमेरिकेत आल्यापासून दोघांना ही सवयच जडली होती. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरसमोर, मराठीत खुशाल काहीही बोलावं. डबा द्यायला याच दारात उभं राहूनही ते असंच बोलायचे.

हालिनाबाईंनी बटाटे वाढले. "पावणेचारशे वर्षांपूर्वी स्वीडनचं सैन्य आलं. किल्ल्याच्या मालकाला वाटेत कुणीतरी मागून मारलं आणि तसंच टाकून गेलं. कोणी मारलं, कुणीच कबूल करेना. चाळीस अधिकारी किल्ल्यात मुक्कामाला राहिले. मालकीण हिवाळाभर त्यांना वाढत राहिली. एक शब्द बोलली नाही."

काहीतरी साधं बोलायचं म्हणून नीलांबरी नवऱ्याला मराठीत म्हणाली, "बटाट्यात मीठच नाहीये."

हालिनाबाईंनी मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

नीलांबरीनं तिला हात लावला नाही. भ्यालेल्या माणसाला मिठाचीही शंका येते.

"वसंतात," हालिनाबाई पुढे सांगू लागल्या, "तिनं त्या चाळिसातल्या एकालाच खास जेवायला बोलावलं. बरोब्बर त्यालाच. तो त्या दारातून पुन्हा बाहेर आला नाही."

नीलांबरीनं चमचा खाली ठेवला. "अमेय, चल, उठ. हिनं सुपात काहीतरी घातलंय. मला भीती वाटतेय रे."

"वेडी आहेस का?" तो दात काढून हसतच म्हणाला. "गाडी आपली होती हे तुला माहीत आणि मला माहीत. हिला कोण सांगणार? हेडलाइट बदललाय, विषय संपला. प्लीज, तोंड वाकडं करू नकोस, यार."

हालिनाबाई दोघांकडे शांतपणे बघत होत्या.

नीलांबरीला राहवेना. तिनं इंग्रजीत विचारलं, "किल्ल्याच्या भिंतींना कान होते का?"

"चार हात जाडीच्या भिंती त्या! त्यांना कसले कान?"

"मग त्यानंच मारलं हे तिला कळलं कसं?"

"तेच तर शेवटचं प्रकरण." हालिनाबाई उठल्या. खिडकीबाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबली होती. त्यांनी जाऊन दाराची कडी काढून ठेवली आणि परत आल्या. नीलांबरीच्या बशीतलं गार झालेलं सूप चमचाभर घेऊन त्यांनी स्वतः प्यायलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांनीच सांगितलं की गं पोरी, रोज तिच्याम्होरं जेवता जेवता," त्या म्हणाल्या, इंग्रजीत नव्हे, ठसठशीत कोल्हापुरी मराठीत. "पाच वर्सं वळिवड्याच्या कॅम्पात काढल्यात मी."