ड्राफ्टमधली जागा

“चला, हजेरी घेतो,” पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, आणि आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

ओट्यावर मुलाचा टॅब्लेट होता. मुलाने घर सोडलं तेव्हा तो इथेच राहून गेला होता. त्यावरचा खेळ अजून मुलाच्याच नावाने उघडत असे. बाबा फिरायला गेले की ती तो उघडून बसायची. शिकली होती हळूहळू.

खेळ बेसबॉलचा, पण मैदानात पळायचा नाही. संगणकावर संघ चालवायचा. दर वर्षी एकदा ड्राफ्ट. संगणक नवखी पोरं तयार करतो, नाव, वय, अंगातले गुण सगळं, आणि संघमालक पाळीपाळीने आपापली पोरं निवडतात. त्यातलं एकही खरं नसतं. भांडणं मात्र खरी होतात.

ही लीग, म्हणजे या संघांची स्पर्धा, बाबांची. मुलगा शाळेत असताना त्याच्यासाठीच सुरू केलेली. मग ओळखीतले मास्तर आले, दातांचे डॉक्टर आले, औषधांच्या दुकानातली ताई आली. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, बाबाच. नियमही सगळे त्यांचेच. लागोपाठच्या दुसऱ्या ड्राफ्टलाही जो आला नाही, त्याचा संघ रांगेतल्या माणसाला जायचा.

मागच्या ड्राफ्टला मुलगा आला नव्हता. त्याच्या थोडं आधीच तो घरातून गेला होता. “या घरात राहायचं तर माझ्या नियमाने,” बाबा म्हणाले होते. मुलाने चप्पल घातली. नंतर फोन नंबरही बदलला. ना बापाला फोन, ना आईला.

“तुमचाच नियम ना? मोडा की,” ती एकदा म्हणाली होती.

“मग लीग कशाला म्हणायची?” बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले. अलीकडे ते अर्ध्या ताटावरूनच उठत. त्यांच्या पडद्यावर मुलाचा संघ उघडा असे. काही करत नसत, नुसते बघत. तेवढा एक धागा उरला होता. आज तोही तुटला तर माणूस कशाच्या आधारावर उभा राहील, हे तिला कळत नव्हतं.

काल कपड्यांच्या घड्या घालताना तिने सहज विचारलं होतं, “एकाच्या जागेवर दुसरा बसला तर हो?”

“एका संघाला एकच जागा. आत कोणी बसलेला असला की दुसऱ्याला दार उघडत नाही. कडक ठेवलंय मी.”

तिला बरं वाटलं होतं.

“डॉक्टर?” बाहेर कॉलवर बाबांची हजेरी चालली होती.

“हजर. कमिशनर, माझ्या भाच्याला सांगून ठेवलंय हं. संघ रिकामा झाला तर—”

“अहो दातवाले, अजून काही झालं नाही, तोवर कसल्या घिरट्या घालताय?” ताई स्पीकरवरून कडाडली.

“मी आपलं विचारून ठेवलं.”

“दात उपटायच्या आधी असंच विचारता का?”

मास्तर हसले. बाबा हसले नाहीत.

“चिरंजीव?” बाबांनी विचारलं.

आईने ‘हजर’वर बोट ठेवलं. हिरवा ठिपका लागला. बाहेर खुर्ची करकरली.

“आला की हो!” मास्तर म्हणाले. “बोलत का नाही पण?”

“माईक नसेल,” बाबा म्हणाले. आवाज विजेच्या मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसा. फक्त घसा खाकरला. “ठीक आहे. सुरू करू.”

पाळ्या फिरू लागल्या. तिची आली. पडद्यावर आकड्यांचा नुसता बुजबुजाट. तिला आकड्यातलं काही कळत नव्हतं. पण जेवताना मुलगा सांगायचा ते आठवत होतं. आई, अंक नाही बघायचे, स्वभाव बघायचा. तिने एक चेंडूफेक्या निवडला. वेग बेताचा, पण मेहनती, संघ न सोडणारा.

“हे काय उचललंय?” डॉक्टर खिदळले. “चेंडू फेकेल की पोस्टाने पाठवेल?”

“त्याची रीतच ती,” बाबा म्हणाले. “तो स्वभाव बघतो. तुम्हाला नाही कळायचं.”

तिने ऐकलं. डोळे भरून येतील असं वाटलं होतं. आले नाहीत. तिने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

मध्येच बाबा म्हणाले, “थांबा जरा सगळे. एक भलतंच निघालंय.” टाइप केल्याचा खडखड आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग पाळ्या परत सुरू झाल्या. ती शेवटपर्यंत उठली नाही. पाय बधिर झाले तरी बसून राहिली.

ड्राफ्ट संपला. टॅब्लेट डब्यांमागे सारून ती चहा घेऊन बाहेर गेली. बाबांनी चष्मा काढून ठेवला होता.

“आला होता,” ते म्हणाले.

“कोण?”

“कोण काय? चिरंजीव. बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला.”

“मग संघ?”

“त्याचाच. कोण काढतंय त्याला?”

त्यांनी कप खाली न ठेवता चहा संपवला. मग इकडेतिकडे बघितलं. “खायला आहे का गं काही? भूक लागली.”

तिचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात देवाला हात जोडून ती आत वळली.

“लोक पण काय थराला जातात बघ,” मागून बाबा सांगत होते. “मगाशी ड्राफ्ट चालू असताना कोणीतरी त्याच्या संघात शिरायला बघत होता. लबाडाने पासवर्डही बरोबर टाकला. दार उघडेना तेव्हा मलाच लिहितो, ‘बाबा, मी आलोय, आत घ्या.’ मी लिहिलं, माझा मुलगा आत बसलाय, तुला इथे जागा नाही. आणि कायमचा बंद करून टाकला त्याला.”