विल्फच्या नावाची उशी

चर्चच्या गळक्या छपरासाठी गावानं प्रदर्शन भरवलं होतं. प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उशा, एकेका गेलेल्या माणसाच्या नावानं भरतकाम केलेल्या.

एडनाच्या नवऱ्याच्या उशीवर पुन्हा दोन खळगे पडले होते.

"कोण मेलं गुडघे टेकतंय इथं?" चहा-केक विकणाऱ्या मेव्हिसवर ती खेकसली.

"माझे गुडघे वाकत असते तर नाचले नसते का गं बाई!"

जन्मभर बायकोवर हात उगारणारा विल्फ देवापुढंसुद्धा कधी वाकला नव्हता. उशीवर त्याचं नाव घालायचा आग्रह गावाचाच.

एडनानं बुक्क्या मारून उशी सपाट केली आणि दोन्ही तळवे दाबून धरले.

तळव्यांखाली कापड हळूच खचलं. आधी डावीकडं, मग उजवीकडं.

"आता सुचतंय होय?" ती किंचाळली. "ऊठ, मेल्या! ऊठ!"

खळगे आणखी खोल गेले.