दोन खिडक्यांतला सूर्य

"कुणी आहे का तिकडे?" ग्रहबाईंनी पुन्हा विचारलं.

पडद्यावर नुसते काळे चौकोन होते. प्रत्येकात एक नाव, चेहरा एकाचाही नाही. खगोलशास्त्र शिकवतात म्हणून मुलांनीच त्यांना ग्रहबाई करून टाकलं होतं. पण समोर बाकांवर बसणारी मुलं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बाकीचे विद्यार्थी दूरदूरचे, ऑनलाइन. असा अर्धा वर्गातला, अर्धा पडद्यावरचा अभ्यासक्रम तयार करायला विद्यापीठाने बाईंना अनुदान दिलं होतं. ते टिकणार की जाणार, हे आजच्या पहिल्या तासावर ठरणार होतं. अनुदान गेलं की विषयही बंद. अनुदान समितीचे निरीक्षक मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

बाईंना हा प्रकार मनापासून पटला नव्हताच. मुलांच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे. "भिंतीशी काय बोलायचं!" म्हणून त्या सकाळी कुरकुरल्या, तेव्हा नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला होता, "इतकी वर्षं माझ्याशी बोलतेस की. जमेल."

जमत नव्हतं. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते, ते त्यांनी दोन तऱ्हांनी सांगून पाहिलं. चौकोन ढिम्म. निरीक्षकांनी जांभई दाबली, ती नेमकी बाईंना दिसली.

"हे बघा, चेहरे नका दाखवू," त्या एकदम म्हणाल्या. "केस विंचरलेले नसतील, घरात पसारा असेल, कळतंय मला. कॅमेरा फक्त खिडकीबाहेर धरा. तुमच्याकडे आत्ता आकाशात काय चाललंय, तेवढं दिसू दे."

मग एक चौकोन उजळला. लख्ख ऊन. दुसऱ्यात मिट्ट काळोख आणि रस्त्यावरचा एकटा दिवा. तिसऱ्यात नुसते ढग. बघता बघता अख्खा पडदा भरून गेला.

"मॅडम, मी मालवाहू जहाजावर आहे, इंजिनिअर," एक भरदार आवाज आला. "आमचा सूर्य बुडतोय."

"आणि आमचा उगवतोय!" एक नर्स म्हणाली. रात्रपाळी संपवून ती हॉस्पिटलच्या गच्चीवर धावत आली होती. तिला धड बोलवतही नव्हतं.

"दोघंही हलू नका," बाई पुढे सरकत म्हणाल्या.

एका चौकोनात तांबडा गोळा पाण्याला टेकला होता. शेजारच्या चौकोनात इमारतींच्या मागे आभाळ पेटत चाललं होतं. आणि वर्गाबाहेर भर दुपार होती, झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या. सूर्य एकच. बाकांवरची मुलं उठून उभी राहिली. निरीक्षकही नकळत पडद्यापाशी आले.

"गेला," जहाजावरचा हळूच म्हणाला.

"आला!" नर्स ओरडली.

आयुष्यभर बाई हेच शिकवत आल्या होत्या. पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

आता त्या समजावून सांगतील म्हणून सगळे थांबले.

"मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये," काळोखाच्या चौकोनातून कुणीतरी म्हणालं.

निरीक्षकांनी लगबगीने वाकून माइक पाहिला. माइक चालू होता.