कडेवरून पडला तरी

“खाली टाकून बघू का?” हाजरानं विचारलं.

कालिंदीकाकूंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. महाडच्या बाजारपेठेत त्यांनी मोबाइलचं दुकान टाकलं, तेव्हापासून गिऱ्हाइकं फोन कानाला लावून बघत, गाणं वाजवून बघत. टाकून कुणी बघितला नव्हता.

“अगं, नवाकोरा आहे तो!”

“घरी दीड वर्षाचा पोरगा हाय, काकू. हातात गेलं की फेकलं. शेजारच्या अर्शदभाईचा मोबाइल त्यानं पाण्याच्या हंड्यात बुडवला. गेला तो कायमचा.”

काकू हसल्या. त्यांनी कॅमेऱ्याचा फोन काढला. हाजरानं नुसतं काचेकडे बघूनच ‘नको’ म्हणून मान हलवली. घडीचा फोन तिनं एकदा उघडला, एकदा मिटला. “याचे अकिब दोन तुकडे करील.”

तिसरा साधा होता, जाडजूड, रबरी बटणांचा. हाजरानं बटणांवरून अंगठा फिरवला. “लाळ आत जाईल?”

“सगळी बटणं एकाच रबराची आहेत. सहजी नाही जाणार.” काकूंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला. “हा घे. असलाच आहे, माझा वापरातला. याला टाक.”

हाजरानं तो कमरेच्या जरा वर धरला. मूल कडेवर असलं की त्याचा हात तिथंच येतो. तिनं बोटं सोडली. झाकण एकीकडे उडालं, बॅटरी दुसरीकडे. तिचा चेहरा पडला.

काकूंनी वाकून तुकडे गोळा केले, बॅटरी बसवली, झाकण सरकवलं. फोन उजळला. “उघडतो म्हणूनच वाचतो. बघ, तूही बसवून बघ.”

हाजरानं बसवलं. मग पुन्हा काढून पुन्हा बसवलं.

“मिस्टर कुठं असतात?”

“सौदीला होते. आता कुवेतला जायचंय.”

“किती वर्षं?”

“दोन.”

काकूंचा हात खोक्यावर थांबला. “आमचे हे मर्चंट नेव्हीत होते. पहिल्या खेपेला परत आले, तर आमचा मुलगा रुचिर भिऊन माझ्या पाठीमागे लपला. लहान मुलं विसरतात गं.”

हाजरानं फोन उचलून तळहातावर तोलला. “म्हणून तर टिकाऊ पायजे, काकू. आवाज तरी वळखीचा राहील.”

नाते गावाला जाणाऱ्या एसटीत ती खिडकीशी बसली. खोका मांडीवर होता. दोन वर्षांनी अकिब बालवाडीत जाण्याएवढा झालेला असेल. त्याला ‘र’ म्हणता येत असेल. कुणावर तरी तो रुसत असेल. तिनं बाहेर बघितलं. शेतं कापून झाली होती. नुसती खोडं उरली होती.

घर माणसांनी भरलेलं होतं. सासू पोह्यांचा चिवडा डब्यात भरत होती. नणंद आली होती. जाण्याचा विषय सोडून सगळे सगळं बोलत होते. तिचा नवरा मुराद खाटेखालची निळी बॅग ओढून दोरीनं बांधत होता. मध्येच त्याला सौदीहून घेऊन आलेल्या खोकल्याची उबळ आली, तसा तो खाटेवर टेकला. हाजरानं त्याच्या हातातून दोरीचं टोक घेतलं आणि गाठ स्वतः आवळली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

संध्याकाळी ती म्हणाली, “मी उमैमाच्या घरून फोन लावते. तू अकिबच्या कानाला धर.”

उमैमाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिचा मोबाइल घेऊन हाजरा मागच्या पडवीत उभी राहिली. तिकडून आधी मुरादचा श्वास ऐकू आला, मग छोटा, भरभर चालणारा दुसरा श्वास.

“अकिब,” ती म्हणाली. “माझ्या राजा. काय करतोस?”

श्वास थांबला. मग तो हसला, ओलं, बुडबुड्यांसारखं. बटणांवर दात घासल्याचा आवाज आला. एकदम धाडकन काही आदळलं आणि सगळं बंद पडलं.

हाजरानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. एवढंसं अंतर. धावत गेली असती तर क्षणात त्याला उचलून घेतलं असतं. ती हलली नाही. त्या मुक्या फोनशी एकटीच उभी राहिली. घरात दिवे लागत होते, कुणाच्या तरी चुलीवर बोंबील भाजत होते.

मग उमैमाचा फोन वाजला.

“बसवली बॅटरी,” मुराद म्हणाला. “चालतो गो. चांगला हाय.”

“पुन्हा पडला तर?”

“पुन्हा बसवीन.”

“फोन त्याला रोज द्यायचा. फेकला तरी द्यायचा.”

“देईन.” तो खोकला, मग म्हणाला, “हाजरा, रडू नको. तिथं बाजूला बाया असतील.”

“नाय रडत,” ती म्हणाली.

सकाळी अर्शदभाईनं जीप दारात आणली. मुंबईला विमानतळ गाठायचा होता. बॅग टपावर चढली. शेजारपाजार ओट्याखाली जमला. अकिब रडून रडून मुरादच्या खांद्यावर झोपला होता. त्याची मूठ बापाच्या कॉलरमध्ये अडकली होती. मुराद भिंतीला टेकून उभा होता.

सासूनं कुराण दोन्ही हातांनी वर उचललं आणि चौकटीत उंच धरलं. परदेशी जाणाऱ्या माणसानं त्याखालून जायचं, ही त्या घरची रीत.

“चल गो,” सासू म्हणाली.

हाजरानं झोपलेल्या अकिबच्या केसांना ओठ लावले, मान लववली आणि कुराणाखालून एकटीच बाहेर पडली.